"काय भावा?" ला उत्तर काय द्यायचं असतं

आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी इंदूरचा एक पोरगा जॉइन झाला. घरात मराठीच बोलतात, आडनाव मराठी, सणवार सगळे मराठी, पण पुण्यात राहायची पहिलीच वेळ. पहिल्याच आठवड्यात त्याला खाली टपरीवर घेऊन गेलो. टपरीवाला साताऱ्याकडचा, अख्ख्या बिल्डिंगला एकाच मापानं मोजणारा माणूस, त्यानं याच्याकडं बघून नेहमीसारखं म्हटलं, "काय भावा?" आणि आमचा पोरगा थांबला, दोन सेकंद विचार केला आणि मनापासून सांगायला लागला की काही नाही, रात्री झोप नीट झाली नाही, रूमचा मालक डिपॉझिटवरून कटकट करतोय, त्यात आईचा सारखा फोन की जेवतोस ना नीट. टपरीवाल्याच्या हातातलं गाळणं तसंच वर राहिलं. सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "बरं. हाफ का फुल?"

वर येताना लिफ्टमध्ये पोरगा मला म्हणतो, "दादा, पण त्यांनीच विचारलं होतं ना, काय म्हणून?"

आता याचं उत्तर पाच मजल्यांत बसत नाही म्हणून हे लिहायला घेतलं. कारण दोनच शब्द आहेत, पण त्यातला "काय" हा प्रश्न नाहीये आणि त्यातला "भावा" हा भाऊ नाहीये, आणि तरीपण दोघं मिळून जे काम करतात ते आपल्या भाषेत आधी एवढ्या सहज करणारा शब्दच नव्हता असं माझं मत झालंय. ते कसं ते सांगतो.

आधी "काय" घेऊ. दोन ओळखीचे लोक रस्त्यात भेटले की काय बोलतात ते नीट ऐका.

"काय भावा?"
"निवांत. तू बोल."
"काय नाय, चाललंय."
"चल, येतो मग."

चार वाक्यं झाली आणि माहिती किती मिळाली? शून्य. कोण कुठं चाललाय, कोणाचं काय बिघडलंय, काही कळलं नाही. पण समजा हे चार शब्द झालेच नाहीत, समजा समोरचा तुम्हाला बघून सरळ निघून गेला, तर संध्याकाळपर्यंत डोक्यात तेच. "काल दिसला, बघून न बघितल्यासारखं केलं, काय झालं असंल रे?" म्हणजे बोललं तर काहीच सांगितलं जात नाही आणि नाही बोललं तर मोठी बातमी होते, असलं हे बोलणं असतं.

याला भाषेच्या अभ्यासात रीतसर नाव आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा एक पोलिश मानववंशशास्त्रज्ञ होता, पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन लोकांमध्ये राहिला होता. त्यानं १९२३ साली लिहिलं की माणसं कितीतरी वेळा काही कळवायला बोलतच नाहीत, नुसती आपण एकमेकांसोबत आहोत हे पक्कं करायला बोलतात. हवापाणी, तब्येत, कुठून आलास, कुठं चाललास. या बोलण्याला त्यानं "फॅटिक" हा शब्द काढला, मूळ ग्रीक, बोलण्याशी संबंधित. पुढं १९६० मध्ये रोमान याकोब्सन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं भाषेची सहा कामं सांगितली त्यात हे एक धरलं, आणि त्याचं म्हणणं सोपं आहे, फोन उचलून आपण "हॅलो, हॅलो" करतो ते कशाला, तर लाइन चालू आहे का बघायला. "काय भावा" म्हणजे तेच, दोन माणसांमधली लाइन चालू आहे का ते बघणं. आमच्या इंदूरच्या पोरानं "हॅलो" ऐकून तिकडून पत्ता, पिनकोड सगळं सांगितलं.

आणि हे काही आजकालच्या पोरांचं खूळ नाही हां. गावाकडं "जेवलास का?" विचारतात तेव्हा कुणी लगेच ताट वाढायला घेत नाही. "कुणीकडं?" याचं उत्तर "हे आपलं असंच" हे पूर्ण बरोबर उत्तर धरलं जातं. आमची आजी तर बाहेर निघालेल्या माणसाला "कुठं" विचारूच द्यायची नाही, अपशकुन होतो म्हणायची, "लांब जायचं का?" असं विचारावं. लांब म्हणजे किती ते तिलाही नको असायचं.

"काय" हा शब्द स्वतः किती जुना आहे याचा एक मजेशीर पुरावा आहे. बाराव्या शतकात गुजरातमध्ये पाटणला हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होते, त्यांनी त्या काळच्या बोलींचं, म्हणजे प्राकृत आणि अपभ्रंशाचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र आहे, "किमः काइं-कवणौ वा". म्हणजे संस्कृतातला जो "किम्", त्याचं अपभ्रंशात "काइं" किंवा "कवण" होतं. आता बघा, "काइं" ओळखीचं वाटतंय ना, आणि "कवण" तर आपल्या जुन्या कवितांत पानोपानी सापडतं, कवण म्हणजे कोण. मारवाडी दुकानदार फोनवर "कांई" म्हणतो तेही याच घरातलं. थोडक्यात नऊशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणात "काय भावा" मधला निम्मा भाग जवळजवळ तयार होता.

आता राहिलेला निम्मा. यात खरी गंमत आहे.

बरेच जण "भावा" ला भाव या शब्दाशी जोडतात, मनातला भाव वगैरे, किंवा भाव खाणाऱ्यातला भाव. नाही हो. हा साधा भाऊच आहे, फक्त त्याला हाक मारलीय. शाळेत विभक्ती घोकायचो आठवतंय का, प्रथमा, द्वितीया करत करत शेवटी आठवी, संबोधन. ती आठवी विभक्ती कुणी कधी सिरियसली घेतली नाही, पण रस्त्यावर सगळ्यात जास्त चालते ती हीच. देव, हाक मारली की देवा. पोर, हाक मारली की पोरा. आणि ज्या पुल्लिंगी शब्दांच्या शेवटी ऊ असतो त्यातल्या बऱ्याच जणांचा पुढं "वा" होतो, नातू-नातवाला, विंचू-विंचवाचं, लाडू-लाडवाचा, तसं भाऊ-भावाला आणि हाक मारताना भावा. म्हणजे ज्याला लोक टपोरी शब्द म्हणतात तो व्याकरणाच्या दृष्टीनं एकदम पुस्तकी, मास्तरांना शंभरपैकी शंभर द्यावे लागतील असा आहे.

मग टपोरी का वाटतो? तर त्याचं उत्तर "भाऊ" मध्ये आहे. ज्या शब्दाला मान द्यायचा असतो त्याला हाक मारताना आपण हातच लावत नाही. "साहेब, या" म्हणतो, "साहेबा" म्हणत नाही. "भाऊ, जरा सरकता का?" इथं भाऊ जसाच्या तसा, आणि पुढं आपोआप "तुम्ही". "भावा, सरक की जरा", इथं शब्द वाकला आणि "तू" आलं. देवालाही आपण "तू" म्हणतो म्हणून तर तो "देवा" होतो. म्हणजे भाऊ आणि भावा हे एकाच शब्दाचे दोन दरवाजे आहेत, एकात चपला काढून जायचं आणि दुसऱ्यात डायरेक्ट घुसायचं.

याचं पक्कं उदाहरण मुंबईत समुद्रावर उभं आहे, भाऊचा धक्का. तिथला भाऊ हे एका माणसाचं घरगुती नाव, मानाचं, म्हणून ते "भाऊचा" राहिलं. "भावाचा धक्का" म्हटलं असतं तर लोकलमध्ये बसतो तो.

हे "तू" आणि "तुम्ही" चं प्रकरण पण जगभर आहे. ब्राउन आणि गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांबद्दल एक निबंध लिहिला होता, त्याचा गाभा असा की माणूस समोरच्याला कसं संबोधतो ते दोन गोष्टींवर ठरतं, कोण वरचा-कोण खालचा, आणि आपण किती जवळचे. आपल्याकडं हे दोन्ही धागे कायम गुंतलेले असतात, आईला "तू" म्हणतो आणि बापाला बऱ्याच घरात "तुम्ही", आता यात कोण जवळचं आणि कोण वरचं ते ज्याचं त्यानं बघावं.

बरं, "काय" च्या पुढं असा वाकलेला शब्द लावायचा हा साचा एकट्या भावाचा नाही. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडं "काय मर्दा, लई दिसानं!" हे भावाच्या आधीपासून चालू आहे, मर्द हा फारशी शब्द, त्याला मराठी आठवी विभक्ती लावली की झाला मर्दा. "काय गड्या" मधला गडी म्हणजे खेळातला गडी पण आणि शेतावरचा गडी पण. "काय लेका" मध्ये समोरचा तुमच्याच वयाचा असला तरी तुम्ही त्याला मुलगा करून टाकता. मालवणीत "काय रे झिला" म्हणजे तेच, झील म्हणजे मुलगा, आणि त्याहून प्रेमाचं म्हणजे "काय रे मेल्या, खय होतस?" मेल्या! एवढ्या दिवसांनी भेटलेल्या माणसाला मेलेला म्हणून हाक मारायची आणि त्यानं पण खूश व्हायचं. आगरी-कोळी भागात "दादूस". खानदेश-वऱ्हाडाकडं भाऊ आखडून "भो" झाला, "हाव ना भो". आणि "का बे" तर नागपुरात ऐकायला मिळतं तसंच सोलापुरात "काय बे" म्हणून ऐकायला मिळतं, दोन्ही गावं एकमेकांपासून कुठल्या कुठं, दोन्हीकडं ते दोस्तीत चालतं, आणि हेच "बे" पुण्यात अनोळखी माणसाला लावून बघा, म्हणजे बघू नकाच.

गोव्यात एक वेगळाच नमुना आहे, "पात्रांव". कोकणीत मित्राला, दुकानदाराला, कुणालाही "कितें पात्रांव?" म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, अर्थ मालक, धनी. आता त्यात मालकही उरला नाही आणि नोकरही, बॉस म्हणतो ना आपण रिक्षावाल्याला, तसंच.

हा जो प्रकार आहे की शब्द वापरून वापरून त्याचा मूळ रंग धुतला जातो, तो मराठीत खूप जुना आहे आणि आपल्याला दिसतच नाही इतका अंगवळणी पडलाय. "राव" घ्या. राजा या शब्दाचाच वंशज, बाजीराव, माधवराव, केवढा मान. आणि आता "जाऊ दे ना राव", "काय राव तुम्ही पण". हे बायकापण एकमेकींना म्हणतात, तिथं राजा शोधायला गेलं तर सापडणार नाही. "बुवा" तसंच, कीर्तनकार बुवा, भजनी बुवा, आणि "मला नाही बुवा माहीत". "बाबा" तसंच, "नको रे बाबा". हे सगळे एकेकाळी माणसं होते, आता वाक्याचा नुसता सूर झालेत. भावा त्याच वाटेवर आहे, अजून पूर्ण पोचला नाही एवढंच.

बाहेर पण असंच. इटलीत भेटताना आणि निघताना "चाव" म्हणतात ना, तो मूळ व्हेनिसच्या बोलीतला शब्द, अर्थ काय तर "मी तुमचा गुलाम". ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात "सेर्वुस" म्हणतात, लॅटिन, त्याचाही अर्थ गुलामच. रोज लाखो लोक एकमेकांचे गुलाम होतात आणि कुणालाही पत्ता नाही. पण यात मला आवडतो तो इंग्रजीतला "पॅल". मित्र या अर्थानं वापरतात, आणि हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला तो रोमानी लोकांकडून, ज्यांना युरोपात जिप्सी म्हणायचे. ही मंडळी साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडं सरकत गेली, त्यांच्या भाषेत भावाला "फ्राल", "प्राल" असं म्हणतात, आणि ते आलं संस्कृत "भ्राता" वरून. ब्रदर, लॅटिन फ्रातेर, फारशी बिरादर हे सगळे तर चुलत घराणं आहेच, शब्दांच्या नात्यात एकाच पूर्वजाचे. पण पॅल थेट इथून चालत गेलेला. म्हणजे लंडनच्या पबमध्ये कुणी "हॅलो पॅल" म्हणतो तेव्हा तो आपल्याच टपरीवाल्याचा शब्द लांबून फिरून वापरतोय. "ब्रो" म्हणणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना काही फरक पडला नाही, पण मला फार भारी वाटलं.

आता मुद्द्याचं. एवढे शब्द असताना "भावा" च का चालला? मर्दा चालला नाही, गड्या मागं पडला, आणि कोल्हापूरकडचा भावा पुण्याच्या हॉस्टेलांत, एमपीएससीच्या अभ्यासिकांत, मुंबईच्या लोकलमध्ये, रील्सच्या खाली, सगळीकडं पोचला. एक कारण उघड आहे, रील्स आणि मीम्समध्ये कोल्हापुरी बोलायला वजन आलं, नाद खुळा, विषय हार्ड, सगळी फौजच बाहेर पडली, त्यात भावा पण. पण नुसत्या रील्सनं शब्द टिकत नाही.

मला वाटतं कारण असं की मोठ्या भावाचे सगळे शब्द आपल्याकडं आधीच कुणीतरी पळवले होते. दादा म्हणजे मोठा भाऊ, पण दादागिरी पण तिथूनच. भाई म्हणजे भाऊ, पण मुंबईत "भाई का फोन आया" म्हटलं की घाम फुटायचा. अण्णा म्हणजे मोठा भाऊ, त्याचाही गल्लीतला अण्णा झाला. भाऊ म्हटलं की चौकातला फ्लेक्स, पांढरे कपडे, गॉगल, शुभेच्छुक म्हणून खाली चाळीस फोटो. आणि "भय्या" ला मुंबईनं जे केलं ते तर काही चांगलं केलं नाही, भावाचाच शब्द आणि तो परका माणूस दाखवायला वापरला. हे सगळे वरून खाली किंवा आतून बाहेर ढकलणारे. बरोबरीचा एकपण उरला नव्हता. मुंबईचा "भिडू" होता, खेळातला जोडीदार, बरोबरीचा, पण तो टपोरी भाषेत अडकला. भावा ती रिकामी जागा घेऊन बसला.

आणि खऱ्या भावाबद्दल म्हणाल तर मराठी भाषेचं त्याच्याबद्दल काय मत आहे ते "भाऊबंदकी" या एका शब्दात कळतं. आमच्याकडं भावकी म्हटलं की पहिलं आठवतं ते बांधावरचं भांडण, वीतभर जमिनीसाठी तीस तीस वर्षं चाललेल्या तारखा. सख्ख्या भावाशी बोलणं नाही आणि टपरीवर भेटणारा प्रत्येक जण भावा, अशी माणसं मी स्वतः बघितलीत, आमच्या घरातच आहेत, नाव घेत नाही. त्यामुळं हा शब्द नात्यावरून आला तरी नात्यातला नाही. भावकीत जे कधी मिळालं नाही ते बाहेर शोधून काढल्यासारखं आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती समजायला थोडं मागं जावं लागतं. आपल्याकडं भेटल्यावर काय म्हणायचं हे तुम्ही ठरवायचं नव्हतं, तुमची जात ठरवायची. नमस्कार कुणी म्हणायचा, रामराम कुणी म्हणायचा, दंडवत कुणी घालायचा, याच्या रेषा आखलेल्या होत्या. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय, तर ऐका. पेशवाईत पुण्यातल्या सोनारांनी एकमेकांना "नमस्कार" म्हणायला सुरुवात केली म्हणून मोठा वाद झाला, ब्राह्मणांनी तक्रार नेली, बंदी आली, आणि १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं पण हुकूम काढला की सोनारांनी नमस्कार हा शब्द वापरायचा नाही. कंपनी सरकार! ज्यांना नमस्कार म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं त्यांनी तो कुणी म्हणायचा यावर कागद काढला. एका शब्दासाठी.

महार समाजाला "जोहार" घालावा लागायचा, "जोहार मायबाप". चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्याच्या अभंगांत पण हा जोहार आहे, देवाच्या दारात पण तोच. म्हणजे तोंड उघडल्या उघडल्या पहिल्या शब्दातच तुम्ही कोण ते जाहीर. म्हणून विसाव्या शतकात "जय भीम" आला त्याला नुसता नमस्काराचा एक प्रकार समजणं म्हणजे काहीच न समजणं. कामठीचे बाबू हरदास यांचं नाव त्याच्या सुरुवातीशी घेतलं जातं, १९०४ ते १९३९ एवढंच आयुष्य मिळालेला कार्यकर्ता, आणि त्यांनी रुजवलेला शब्द आज कुठल्या कुठं पोचलाय. ज्या शब्दानं मान खाली जायची त्याच्या जागी मान वर करणारा शब्द.

दुसरीकडं वारीत याच्या उलट गंमत असते. तिथं सगळेच "माऊली". रस्ता द्या माऊली, पाणी घ्या माऊली, बाप्या असो का बाई, म्हातारा असो का पोर, पोलीस पण वारकऱ्याला माऊली आणि वारकरी पोलिसाला माऊली. वर्षातून पंधरा-वीस दिवस सगळ्यांचं एकच नाव. मी एक वर्ष सासवडपर्यंत चाललोय, दिवे घाटात माझ्या पायावर ज्याचा पाय पडला तो "माऊली" म्हणून माझ्याच पाया पडला, मला काय करावं सुचेना, मी पण पडलो.

आता या सगळ्याशेजारी "काय भावा" ठेवून बघा. यात देव नाही, जात नाही, आडनाव नाही, पक्ष नाही, तुमचं नाव सुद्धा माहीत असायची गरज नाही. रामराम, जय भीम, जय शिवराय, जय महाराष्ट्र, सलाम, प्रत्येकात म्हणणाऱ्याची थोडीफार ओळख उघडी पडते, आणि त्यात वाईट काही नाही, पण अनोळखी माणसापुढं कधीकधी जीभ अडते की यांना काय म्हणू. भावा तिथं सुटका करतो. पंक्चरवाला मला भावा म्हणतो, मी पंक्चरवाल्याला, आणि आमच्यात दोघांना एकमेकांबद्दल शून्य माहिती. असं नाही की यानं जात गेली, शब्दानं कुठं जात जाते, लग्नाचं बघायला लागले की भावाचं आडनाव आधी विचारतात. पण टपरीपुरतं, पाच मिनिटांपुरतं, चालतं.

सूर मात्र शिकावा लागतो. तोच "काय भावा" आखूड म्हटला, मान किंचित वर उचलून, तर नुसती पोच. "काय भावाऽऽ" असा लांबवला तर समजायचं तुम्ही काहीतरी लपवलंय आणि ते बाहेर आलंय, बहुतेक साखरपुडा. "काय भावा" म्हणून थांबला आणि हसला तर उसने पैसे. आणि "काय भावा हे" असा खाली उतरत गेला तर निराशा आहे, तुम्ही केक कापला आणि बोलावलं नाही. एकटा "भावा" म्हणजे कौतुक, फोटोखाली नुसतं "भावा" लिहिलं आणि पुढं आग लावली की झालं. उत्तर देताना लांबी सारखी ठेवायची एवढा नियम बास, दोन शब्द आले तर दोन शब्द परत. इंदूरच्या पोरानं दोनाला दोनशे दिले तिथं चुकलं.

नमस्काराच्या शब्दांचं आपल्याकडं शेवटी काय होतं ते पण बघण्यासारखं आहे. नोकरीला "रामराम ठोकला" म्हणजे सोडली. "कोपरापासून दंडवत" म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नको. पक्ष सोडला की "जय महाराष्ट्र केला". भेटायचे शब्द एक एक करून निरोपाचे होतात, का कोण जाणे. "भावा" चं अजून तसं झालं नाही, पण "चल भावा" मध्ये सुरुवात दिसायला लागलीय मला.

मोठ्या माणसांना म्हणायचा नाही हे वेगळं सांगायला नको, सासऱ्यांना तर अजिबात नाही. मुलींचं मात्र बदललंय. पूर्वी हा पोरांचाच शब्द होता, आता कॉलेजच्या मुली एकमेकींना सर्रास भावा म्हणतात, "अगं भावा ऐक ना", यात अगं पण आहे आणि भावा पण आहे आणि दोघांचं भांडण होत नाही. मागच्या दिवाळीत बहिणीकडं गेलो तर भाचीनं, वय वर्षं नऊ, दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय भावा!" आतून तिची आजी, म्हणजे माझी आई, ओरडली, "भावा काय गं, मामा आहे तो तुझा, नीट हाक मार." तर ती वळली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काय मामा."

आता मामा म्हणजे पुण्यात सिग्नलवरचा पोलीस, आणि मामा बनवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. मी आईला म्हटलं, राहू दे, भावाच बरं होतं.